बारा फोटो आणि बैतखोलचा धक्का

आपल्याकडची माणसे अनशी घाट उतरून कारवारला जातात ती समुद्र पाहायला आणि मासे खायला. बैतखोलच्या मच्छीमार धक्क्यावर सहसा कुणी थांबत नाही. वास असतो, पाय घसरतो, बर्फाच्या गाड्या अंगावर येतात. मला तीच जागा आवडते. गळ्यात काकांचा याशिका मॅट १२४ जी असतो. काकांनी त्यावर बेळगावातली कितीतरी लग्ने टिपली.

१९७० साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याला दोन डोळे. वरच्या भिंगातून पाहायचे, खालच्यातून फोटो निघतो. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालायची. काचेवर चित्र सुलट दिसते, पण डावे-उजवे उलटे. उजवीकडून येणारी बोट डावीकडून शिरते! सवय व्हायला दोन रोल जातात.

मीटरला लागणारा पाऱ्याचा सेल आता बाजारात मिळत नाही. तो असता तरी बर्फाच्या पांढऱ्या ढिगाने फसवलेच असते. म्हणून जुना हिशेब बरा: १०० चा रोल, लख्ख ऊन, अ‍ॅपर्चर १६ आणि शटर १/१२५. छपराखाली बांगड्याच्या राशी असतील तर अ‍ॅपर्चर तीन-चार घरे उघडायचे. खाऱ्या वाऱ्यात रोल बदलू नये, गाडीत बसून बदलावा.

एका रोलमध्ये फोटो बाराच. त्यामुळे आधी बोलावे लागते. मान खाली घातलेल्या बाईला कुणी घाबरत नाही, हाही फायदा. जाळी विणणारे ओडिशाचे खलाशी हिंदीत बोलतात, मासळी विकणाऱ्या बाया कोकणीत. हुबळीचा ट्रकवाला विचारतो, "फोटो यावाग कोड्तीरी?" मोबाईलवाल्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही, तो तिथेच दाखवून मोकळा होतो. माझा रोल पार्सलने बाहेरगावी धुवायला जातो, महिना लागतो. म्हणजे महिन्याने परत जाणे आलेच.

एक सांगून ठेवते. जवळच नौदलाचा कदंब तळ आहे, २००५ पासूनचा. व्यापारी बंदराकडे किंवा जहाजांकडे कॅमेरा वळवू नये. विचारल्याशिवाय धक्क्यावरही काढू नये. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा बोटी बांधलेल्या, जाळी दुरुस्तीला पसरलेली. गर्दी नको असेल त्याने तेव्हा जावे.

गेल्या खेपेस टोपलीवाल्या मावशींना त्यांचा फोटो नेऊन दिला. स्वतःचा असा एकच फोटो त्यांच्याकडे होता, आधारकार्डावरचा. बराच वेळ त्यांनी पाहिला. मग म्हणाल्या, इसवण नीट दिसत नाही, पुढच्या वेळी टोपली पुढे घेते. फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी कमरेच्या बटव्यात ठेवला आणि गिऱ्हाईकाकडे वळल्या.