सासूचा पाऊस, सुनांचा पाऊस

सह्याद्रीच्या माथ्यावर आपले बहुतेक जल रिते करून, मावळातील भातखाचरे तुडुंब भरून, पूर्वेकडे येता येता क्षीण झालेले मेघ जेव्हा घोडनदीकाठच्या शिरूर आणि भीमाकाठच्या दौंड तालुक्यांवर येऊन ठेपतात, तेव्हा तेथला शेतकरी त्यांना वर्षाऋतू या एका नावाने हाक मारीत नाही; तो त्यांना नात्यावरून, वयावरून आणि स्वभावावरून ओळखतो. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनांचा आणि हस्ताचा हत्तीचा.

ऋतूला कथेतले पात्र करण्याची कला आपल्याकडे पुरातन आहे. ‘कुमारसंभवा’त कालिदासाने वसंताला मदनाचा सखा म्हणून शंकराच्या तपोवनात धाडले, आणि मदन भस्मसात झाल्यावर विलाप करणाऱ्या रतीसमोर तोच वसंत येऊन उभा राहतो, तेव्हा फुलांचा हा अधिपती मित्रशोकाचा वाटेकरीही होतो. रशियन लेखक मार्शाक यांच्या १९४३ च्या नाटकात बारा महिने वनात शेकोटीभोवती बसलेले भेटतात. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त (१९५६) महिन्यामहिन्याला स्वतंत्र प्रकृती लाभली, पण तो ललितनिबंध, कथा नव्हे.

आमच्या पर्जन्यनक्षत्रांचे मात्र अख्खे कुटुंबच आहे. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रे, आणि प्रत्येकाकडे तेरा-चौदा दिवसांची मामलत: ७ जूनच्या सुमारास मृग कारभार हाती घेतो, सप्टेंबरच्या अखेरीस तो हस्ताकडे येतो. पंचांगकर्ते प्रत्येकाला वाहनही नेमून देतात. बेडूक, म्हैस वा हत्ती निघाला की पाऊस भरपूर, अशी समजूत. सासूपाठोपाठ सून येते हा क्रम मला विशेष अर्थपूर्ण वाटतो, कारण एकाच घरातील दोन स्वभावांचा ताण ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जवळून पाहिला, त्यालाच लागोपाठच्या दोन नक्षत्रांत तो दिसावा, हे स्वाभाविक आहे.

कोकणच्या कथेत नायक पहिल्याच प्रकरणात गर्जत प्रवेश करतो. शिरूर-दौंडच्या कथेत तो शेवटी येतो. कारण येथील जिराईत रानात बाजरीइतकाच, किंबहुना अधिक, भरवसा रब्बीच्या ज्वारीवर, आणि काळ्या जमिनीत ज्वारीपुरती ओल साठवायची ती उत्तरा आणि हस्त यांनीच. तरणा रुसला, म्हाताऱ्याने नुसती भुरभुर केली, सासूसुनांनी पाठ फिरवली, तरी हत्तीवरची आशा सुटत नाही. महसुलाच्या दप्तरात त्या वर्षाची नोंद आणेवारीच्या आकड्यात होते. घराच्या ओसरीवर मात्र कोण कसे वागले, याचीच चर्चा चालते. मुठा कालव्याचे पाणी ज्या गावांच्या उसाला मिळाले, तेथे ही चर्चा मंदावली असेल. कोरडवाहू वाडीवस्तीवर ती अद्याप जिवंत आहे, आणि आमच्या कादंबरीकारांनी ती कान देऊन ऐकावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलींनी ती कधीच ऐकली आहे. आश्विनात, हस्ताच्या दिवसांत, पाटावर हत्तीचे चित्र काढून त्या अंगणाच्या मध्यभागी मांडतात, हातात हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात, आणि गाणी संपली की झाकलेल्या डब्यात खिरापत कोणती, हे ओळखण्यासाठी एकच गलका उसळतो. पाटावरचा हत्ती तोवर तेथेच, सगळ्यांच्या मधोमध, उभा असतो.