स्क्रू कुठे आहे?

डोंबिवली पूर्वेची आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि तीन वर्षांसाठी ठाण्यात, घोडबंदर रोडवर, भाड्याच्या घरात जायचं ठरलं. बत्तीस वर्षांचा संसार खोक्यांत भरायचा म्हणजे काय, हे ज्याने भरला त्यालाच ठाऊक! मी गॅलरीत दोन ढीग केले. एक न्यायचा, दुसरा भंगारवाल्याचा. भंगाराच्या ढिगात पहिला मान सासूबाईंच्या कुकरला दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तर कुकर न्यायच्या ढिगात! मी तो मुकाट्याने परत ठेवला. दुपारी पुन्हा जागा बदललेली.

"अगं, तो १९७९ सालचा आहे," शेवटी सासूबाई म्हणाल्या.

"आई, म्हणूनच तर!"

त्यांनी वाद घातला नाही. भंगारातल्या मिक्सरकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, "आणि हा कधीचा?"

मिक्सर तीन वर्षांपूर्वीचा होता. मी गप्प बसले.

त्या मिक्सरची कथा अशी. ऐन दिवाळीत, चकलीची भाजणी राहिली बाजूला आणि तो नुसताच घुमायला लागला. पातं फिरेना. कंपनीच्या केंद्रात नेला, तर तिथल्या मुलाने तो हातातही घेतला नाही. "मॅडम, हे मॉडेल बंद झालं. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या." मग आमच्या जिन्याखालच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी मिक्सर उलटा केला, सुलटा केला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "वहिनी, याला स्क्रूच नाही हो!" तळ चिकटवून बंद केलेला. उघडायचा म्हणजे फोडायचाच. फोडला. मोटर ठणठणीत निघाली. झिजला होता तो रुपयाएवढा प्लास्टिकचा दात्यांचा तुकडा, आणि तो बाजारात सुटा मिळत नव्हता. रुपयाएवढ्या तुकड्यापायी चार हजारांचा मिक्सर भंगारात!

आता कुकरकडे पाहा. हा कुकर हॉकिन्सचा, म्हणजे आपल्या शेजारचाच म्हणायचा. १९५९ साली मुंबईत सुरू झालेल्या या कंपनीचा कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आहे. त्याचं झाकण आतून बसतं. वाफेचा दाब जितका वाढेल तितकं ते काठाला घट्ट दाबलं जातं, आणि दाब उतरल्याशिवाय उघडत नाही. पण पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ हा कुकर टिकला, तो काही न बिघडता टिकला असं मुळीच नाही. रबराची रिंग किती वेळा बदलली याची गणती नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलले, हँडल दोनदा बदललं. भांडं आणि झाकण तेवढं तेच. जे झिजणार ते सुटं ठेवलेलं, आणि ते कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळणारं.

त्या दुपारी माझ्या डोक्यात प्रथमच लख्ख प्रकाश पडला. टिकाऊ वस्तू म्हणजे कधीच न बिघडणारी वस्तू नव्हे. बिघडली तर दुरुस्त होणारी ती टिकाऊ.

प्रकाशावरून आठवलं. १९२४च्या डिसेंबरमध्ये जिनिव्हात जगातल्या बड्या दिवे-कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी विजेच्या दिव्याचं आयुष्य १००० तासांवर आणायचं ठरवलं. त्यापेक्षा जास्त टिकणारे दिवे काढणाऱ्या सभासदाला चक्क दंड! कमी टिकणारा दिवा उजेड जास्त देतो, असं समर्थनही झालं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात १९०१पासूनचा एक दिवा अजून जळतो आहे, पण त्याचा उजेड देव्हाऱ्यातल्या दिव्याएवढा! तेव्हा वस्तूचं आयुष्य किती, हे कधीकधी कारखान्यात आधीच ठरवलेलं असतं, एवढं गिऱ्हाइकाने ध्यानात ठेवावं.

मग दुकानात गेल्यावर करायचं काय? मी आता तीन प्रश्न विचारते. ही वस्तू उघडते का? हिचे सुटे भाग वेगळे मिळतात का? आणि माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ती कोण दुरुस्त करतो? विक्रेता वॉरंटीबद्दल बोलायला लागला, तर ऐकून घ्यावं आणि प्रश्न पुन्हा विचारावा. वॉरंटी दोन वर्षांची असते, आपल्याला मिक्सर पंधरा वर्षं हवा असतो.

स्टीलच्या भांड्यांबाबत एक गैरसमज मीही बाळगून होते. लोहचुंबक चिकटलं नाही की स्टील उत्तम, असं मानून पर्समध्ये चुंबक घेऊन फिरत असे. पण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त २०२ जातीच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं ते ३०४. भांड्यावर किंवा बिलावर हा आकडा मागून घ्यावा.

जुनं ते सोनं, असंही मी म्हणणार नाही. कुकरचा तळ फुगला असेल तर माया न करता तो मोडीत घालावा. नवा घेताना आयएसआय चिन्ह पाहावंच. २०२१पासून ते कुकरला सक्तीचंच आहे. जुना फ्रीज दुरुस्त करत बसण्यापेक्षा २००६ साली सुरू झालेल्या ताऱ्यांच्या खुणा बघून नवा घेतलेला बरा. जुना निम्मं भाडं विजेच्या बिलातून वसूल करतो.

सरकारलाही हा प्रश्न पटलेला दिसतो. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एके ठिकाणी देणारं संकेतस्थळ सुरू झालं. घरगुती उपकरणंही त्यात आहेत. उत्तम झालं.

पण हक्क कागदावर आला तरी तो वापरायचा कुणाच्या हातून? आमच्या नव्या इमारतीच्या नकाशात दोन मजली पार्किंग आहे, व्यायामशाळा आहे. जिन्याखालची जागा नाही. सगळ्या भाडेकरूंच्या बैठका झाल्या, चौरस फुटांवरून भांडणं झाली, मीही हिरीरीने भांडले. तीस वर्षं आमचे पंखे, इस्त्र्या, मिक्सर ज्यांनी जगवले, त्या काकांचं काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मीसुद्धा नाही. हे लिहिताना लाज वाटते.

कुकर अर्थातच ठाण्याला आला. सासूबाईंनी त्याच्या पोटात दोन नव्या रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह घालून पाठवला. काकांनी डोंबिवली पश्चिमेला एका जिन्याखाली बस्तान हलवलं आहे, असं शोधून काढलं. गेल्या आठवड्यात इस्त्री बिघडली, तशी पिशवीत घालून सकाळी ठाण्याहून डोंबिवलीची गाडी पकडली. सगळी डोंबिवली समोरून मुंबईला धावत होती. माझ्या उलट्या गाडीत चक्क खिडकी मिळाली.

काकांनी इस्त्री उलटी केली आणि हसले. "वहिनी, हिला आहे हो स्क्रू!"

"बघूनच घेतली," मी म्हटलं.