पादचाऱ्याचा हक्क आणि जबाबदारी

कल्याणहून नगर, पाथर्डीवरून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ माजलगांवावरून पाथरी, परभणीकडे जातो. उसाच्या हंगामांत अशा रस्त्यांवर ट्रॅक्टरांची रीघ लागते. म्हणून पायीं चालणारास कायदा काय देतो, हें प्रत्येकानें जाणलें पाहिजे.

कित्येकांचा समज असा कीं, चालणारा आडवा आला तर त्याच्या कुटुंबास कांहींच मिळत नाहीं. हा समज चुकीचा होय. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम १६४ अन्वयें, दोष कोणाचा हें सिद्ध न करितांही, मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये वाहनमालकानें अथवा विमा कंपनीनें द्यावयाचे असतात. वाहन पळून जाऊन त्याचा पत्ता न लागल्यास कलम १६१ प्रमाणें अनुक्रमें २ लाख व ५० हजार रुपये मिळतात. अधिक भरपाई हवी असल्यास कलम १६६ खालीं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातां येतें. मात्र तेथें दोष पाहिला जातो, आणि चालणाराची हयगय जितकी ठरेल तितक्या प्रमाणांत रक्कम कमी होते.

तथापि पैशानें गेलेला जीव परत येत नाहीं. पदपथ नसेल तेथें उजव्या कडेनें, समोरचें वाहन दिसेल असें चालावें. उभ्या गाडीआडून रस्ता ओलांडूं नये. अपघात दिसल्यास वाहनाचा क्रमांक टिपून घ्यावा, आणि वडील मंडळींनीं जखमीस प्रथम दवाखान्यांत पोंचवावें. सद्भावनेनें मदत करणारास कलम १३४-अ चें संरक्षण आहे; तेव्हां भिऊन मागें सरण्याचें कारण नाहीं.