मोठे टायर बसवा, पण घासाघीस टाळा

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॉफीच्या मळ्यांतून उतरणारे पिकअप ट्रक हमखास दिसतात. काही अगदी साधे, तर काही उंच आणि जाडजूड टायरवर ऐटीत चाललेले. म्हैसूर शहराचे तसे टायरशी जुने नाते आहे. 'विक्रांत' टायर इथलेच. १९९७ मध्ये ती कंपनी जेके टायरकडे गेली, पण टायर आजही म्हैसूरमध्ये बनतात.

पिकअप घेतला की मोठ्या टायरचा मोह होतोच. मात्र दुकानातून बाहेर पडून पहिले वळण घेताच 'खर्रर्र' आवाज आला, तर सगळा आनंद मावळतो. हा आवाज केवळ त्रासदायक नसतो. टायरची बाजू सतत घासत राहिली, तर ती कापली जाऊन घाटात टायर फुटू शकतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी या गोष्टी जाणून घ्या.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

२५५/६० आर १८ हे माप इसुझू व्ही-क्रॉसच्या काही मॉडेल्सवर असते. यात २५५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे रुंदीच्या तुलनेत टायरच्या बाजूची उंची टक्क्यांत आणि १८ हा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर या टायरचा व्यास सुमारे ७६३ मिमी येतो.

आता दोन पर्याय पाहू. २६५/६० आर १८ घेतला तर व्यास सुमारे ७७५ मिमी होतो, म्हणजे फक्त १२ मिमी जास्त. पण २६५/६५ आर १८ घेतला तर तो सुमारे ८०२ मिमी होतो, म्हणजे जवळपास ५ टक्के मोठा. आकड्यात फरक एवढासा, पण चाकाच्या कमानीत जागा मात्र प्रत्येक बाजूला १९ मिमीने कमी होते. शिवाय स्पीडोमीटरवर ६० दिसताना पूर्वीच्या तुलनेत गाडी ६३ च्या वेगाने धावत असते.

घासते नेमके कुठे?

साधारणपणे तीन ठिकाणी. पहिले, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढच्या चाकामागचा मडफ्लॅप आणि कमानीतले प्लास्टिकचे आवरण. दुसरे, आतल्या बाजूला चेसिस किंवा सस्पेन्शनचे भाग. तिसरे, खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर कमानीची वरची कड. मागे माल भरला की पाटे दबतात, त्यामुळे रिकाम्या गाडीला न घासणारा टायर भरल्यावर घासू शकतो.

उपाय कोणते?

- माप थोडेच वाढवा. व्यासात २-३ टक्क्यांपर्यंतची वाढ बहुतेक वेळा बाकी काही न बदलता सामावते. तरीही आपल्या गाडीवर प्रत्यक्ष मोजून पाहाच.

- रिमचा ऑफसेट तपासा. रिमवर 'ईटी' अक्षरांपुढे आकडा असतो. ईटी ३३ ऐवजी ईटी २० चे रिम घेतले तर चाक १३ मिमी बाहेर सरकते. आतले घासणे थांबते, पण चाक जास्तच बाहेर आले तर ते कमानीच्या कडेला लागते आणि बेअरिंगवर ताणही वाढतो.

- लिफ्ट किट हा रामबाण उपाय नाही. गाडी उंच झाल्यावर वरची जागा वाढते, पण स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर मागच्या आवरणाला होणारे घासणे तसेच राहू शकते. लिफ्टनंतर व्हील अलाइनमेंट करावीच लागते.

- थोडेसे प्लास्टिक लागत असेल तर अनुभवी मेकॅनिककडून ते मागे सरकवून घ्या. पत्र्याला किंवा चेसिसला हात लावू देऊ नका.

बसवल्यावर चाचणी घ्या

आवरणाच्या आतल्या बाजूला खडूने रेषा ओढा. मग मोकळ्या मैदानात स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गाडी पुढे-मागे घ्या. नेहमीचा माल भरूनही एकदा फिरवा. नंतर इंजिन बंद करून बघा. जिथला खडू पुसला गेला, तिथे टायर लागतोय. मुलांना या वेळी गाडीपासून दूर ठेवा.

कायदा आणि विमा विसरू नका

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या पर्यायी मापांतच राहणे शहाणपणाचे. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

खरेदीपूर्वी आणखी दोन गोष्टी

टायरवरचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको, विशेषतः माल वाहून नेत असाल तर. दुसरे म्हणजे, मोठे आणि जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. घाट उतरताना हे लगेच जाणवते. मायलेजही कमी होते. स्टेपनीही त्याच मापाची घ्या आणि ती तिच्या जागेत बसते का, ते आधीच पाहा.

दुकानदाराशी किमतीची घासाघीस खुशाल करा. पण दुकान सोडण्यापूर्वी तिथेच स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. आवाज आला तर त्याच वेळी लहान माप मागा.