घरचे वायफाय : नाव लपविले म्हणजे कुलूप लागले असे नव्हे



ऊस बिल खात्यावर जमा झाल्याचा निरोप मोबाईलवर येतो, हवामानाचा अंदाज मोबाईलवर येतो, आणि फायबरची तार गावात पोचल्यापासून पुष्कळ सभासदांच्या घरी वायफायही बसले आहे. काहींनी ठिबकचा संच आणि गोठ्यावरचा कॅमेरा त्यालाच जोडला आहे. ऊस विकास विभागाचा याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण आम्ही शिवारफेरीला निघालो की हुमणीच्या पाठोपाठ हाच विषय निघतो. "साहेब, नेट कुणीतरी चोरतंय. नावसुद्धा लपवलं, तरी काय उपयोग नाही."

या एका तक्रारीत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत : वायफाय दिसणे, ते सुरक्षित असणे आणि त्याला अडथळा होणे. मोळी सोडल्याशिवाय उपाय सापडत नाही.

आधी दिसण्याचे पाहू. भिंतीवरची राऊटरची पेटी सेकंदाला साधारण दहा वेळा आपले नाव पुकारत असते. 'नाव दाखवू नये' असे केले तरी हा पुकारा थांबत नाही, नावाची जागा तेवढी कोरी जाते. घरातला फोन जोडला जाताना ते नाव उघडच घेतो, आणि लॅपटॉपवर साधी फुकटची प्रणाली असलेल्या माणसाला ते वाचता येते. शिवाय पेटी नाव सांगत नाही म्हटल्यावर आपला फोनच "अमुक वायफाय आहे का?" असे विचारत राहतो, घरी, बाजारात, एस.टी.तही. दारावरची पाटी काढायची आणि गावभर आपलाच पत्ता विचारत फिरायचे, त्यातली ही गत. तेव्हा नाव खुशाल दिसू द्यावे. त्यात आडनाव, गट नंबर किंवा फोन नंबर मात्र घालू नये.

खरे कुलूप म्हणजे सांकेतिक लिपी आणि पासवर्ड. १९९७ साली आलेली डब्ल्यूईपी ही पहिली पद्धत २००१ मध्येच कच्ची ठरली, आणि २००७ साली जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी ती मिनिटभरात फोडून दाखविली. जुनी पेटी अजून या पद्धतीवर चालत असेल तर ती बदलावी. २००४ ची डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ ची डब्ल्यूपीए-३ निवडावी. पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाईल नंबर ठेवण्याची चाल फार आहे, ती मोडायला हवी. डब्ल्यूपीए-२ मध्ये चोर रस्त्यावर उभा राहून जोडणीची देवाणघेवाण एकदाच टिपून घेतो आणि मग आपल्या घरी बसून संगणकाकडून पासवर्ड लावून पाहतो. दहा आकडी नंबर त्याला जड नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांब पासवर्ड केलेला बरा.

डब्ल्यूपीएस नावाची सोय असते, तीही बंद करावी. तिचा पिन आठ आकडी असला तरी पेटी तो दोन तुकड्यांत तपासते आणि शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा असतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ साली उघड झाले. पेटीच्या आतल्या मांडणीचा पासवर्डही वेगळा असतो. तो 'ॲडमिन' असाच ठेवला तर आत शिरलेला माणूस बँकेऐवजी भलत्याच पानावर आपल्याला नेऊ शकतो.

शेजाऱ्याच्या पोराने चार सिनेमे पाहिले तर काय बिघडले, असे समजू नये. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे धमकीचा ई-मेल गेला होता, तो नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वायफायवरून. पोलीस त्या घरी पोचले. राहणाऱ्याचा कटाशी संबंध नव्हता, पण चौकशीला तोंड त्यालाच द्यावे लागले.

आता अडथळा. आमच्या मते निम्म्याहून अधिक 'चोऱ्या' या सदरात मोडतील. पारख सोपी आहे. लॅपटॉप राऊटरला तारेने जोडून पाहावा. तारेवरही नेट हळू असेल तर कंपनीची लाईन पाहावी, किंवा पेटीच्या यादीत अनोळखी फोन जोडलेला आहे का ते तपासावे. तारेवर ठीक आणि हवेत हळू, तर तो अडथळा.

साधे वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालते. ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह भट्टीही तिथेच. या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, पण ते इतके खेटून आहेत की एकमेकांना न लागणारे तीनच निघतात : १, ६ आणि ११. एकाच चॅनेलवरची दोन घरे पाटपाण्याच्या पाळीसारखी आळीपाळीने बोलतात. वेग वाटला जातो, पण भांडण होत नाही. कोणी शहाणपणाने मधला ३ नंबर घेतला की त्याला ना १ ची पाळी नीट कळते, ना ६ ची, आणि तिघांचेही पाणी फुटते. ज्या पेट्यांना ५ गिगाहर्ट्झची सोय आहे त्यांनी घरात ती वापरावी. तिथे गर्दी कमी असते, मात्र जाड भिंतीपुढे ती लवकर हरते.

आपला खास अडथळा म्हणजे ऊस. या लहरी पाणी शोषून घेते, आणि उभा ऊस म्हणजे पाण्याची भिंतच. लागण गुडघ्याएवढी असताना पंपघरापर्यंत पोचणारी रेंज ऊस डोक्यावर गेला की तुटते, पावसात ओल्या पाल्याने आणखी खाली येते, आणि तोड झाली की आपोआप परत येते. (रेंजसाठी तोड अलीकडे घेता येणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.) ठिबकचे बहुतेक स्वस्त संच २.४ वरच चालतात, म्हणून ५ गिगाहर्ट्झचा उपाय इथे लागू नाही. घराच्या माळ्यावर आणि पंपघराच्या खांबावर बाहेरची जोडी बसवून ती तुऱ्याच्या वरून एकमेकींना दिसेल अशी ठेवावी. पत्र्याच्या पेटीत मुळीच बंद करू नये. कॅमेरा आणि ठिबक यांना 'गेस्ट' म्हणून वेगळे वायफाय द्यावे, म्हणजे त्यांतून कोणी शिरले तरी घरच्या फोनपर्यंत पोचणे अवघड जाईल. तारच ओढायची असेल तर तांब्याची तार १०० मीटरपर्यंतच चालते आणि वळवाच्या विजेत पेटीसकट जळते, त्यामुळे लांबच्या विहिरीसाठी फायबर घ्यावी आणि ती नांगराच्या तासाखाली, पाईपातून पुरावी.