रमाईने वाट पाहिली. आता पाळी कुणाची?

विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शन शिबिरात प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेण्याची पद्धत आहे. सभेत उभे राहून बोलायला जी मुले बुजतात, ती चिठ्ठीतून मन मोकळे करतात. अशाच एका शिबिरात एक चिठ्ठी हाती आली. ‘मला लंडनला एम. ए. साठी प्रवेश मिळाला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे. ज्याच्याशी माझे लग्न ठरले आहे, तो पुण्यात नोकरी करतो आणि चळवळीतही आहे. तो म्हणतो, पुण्यात काय विद्यापीठ नाही? इथेच शिक. सर, मी काय करू?’

चिठ्ठीखाली नाव नव्हते. पण हा प्रश्न एका मुलीचा नाही. आज वस्त्यांमधून, खेड्यांतल्या बौद्धवाड्यांतून मुली शिकून पुढे येत आहेत. त्यांच्या वाटेवर प्रवेश परीक्षा आहे, पैशाची अडचण आहे, जातीची भिंत तर आहेच. त्यात आता ही आपल्याच माणसाची, प्रेमाच्या नावाने उभी राहिलेली भिंत!

त्या तरुणाला आम्ही ओळखत नाही. पण तो चळवळीत असेल, तर ७ फेब्रुवारीला माता रमाईच्या जयंतीला तो नक्की भाषण करत असेल. गोवऱ्या थापणारी रमाई, अर्धपोटी राहणारी रमाई, साहेबांच्या शिक्षणासाठी झिजणारी रमाई, हे सांगताना त्याचा आणि श्रोत्यांचाही कंठ दाटून येत असेल. मग त्याला एकच विचारावेसे वाटते. भाऊ, रमाईचा त्याग तुला फक्त बाईकडूनच हवा आहे काय?

इतिहास नीट पाहा. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षांची. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील रामजीबाबा गेले होते. यशवंत तान्हा होता. रमाई अवघ्या पंधरा वर्षांची होती. कोलंबियातून बाबासाहेब १९१६ मध्ये लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ते परतले १९२३ साली. दोन्ही खेपा मिळून जवळजवळ सात वर्षांचा हा दुरावा. पत्र बोटीने यायचे, पोहोचायला आठवडे लागायचे. लेकराचे आजारपण, घरातले मृत्यू, पोटाची आग हे सारे रमाईने पतीच्या पाठीमागे सोसले. २७ मे १९३५ रोजी राजगृहात तिने शेवटचा श्वास घेतला.

बाबासाहेबांना या ऋणाची जाणीव होती. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला आणि तिच्या सोशिकपणाची नोंद त्या अर्पणपत्रिकेत केली. पण म्हणून तो दुरावा सुखाचा होता असे कुणी म्हणू नये. तो भयंकर होता. रमाईने तो सोसला, कारण समोर दुसरा मार्ग नव्हता. तिच्या लेकी आज स्वतः बोटीऐवजी विमानात बसायला निघाल्या आहेत. मग आता मागे थांबून वाट पाहण्याची पाळी कुणाची?

दुरावा निभावण्याचा आणखी एक धडा आपल्याच घरात आहे. सावित्रीमाईंनी जोतिबांना लिहिलेली पत्रे वाचा. १८६८ च्या पत्रात काय आहे? एक ब्राह्मण तरुण आणि एक महार तरुणी यांच्या प्रेमापायी गाव त्यांना मारायला उठले होते. सावित्रीमाईंनी मध्ये पडून त्यांचे प्राण वाचवले, ती हकिगत त्यांनी नवऱ्याला कळवली आहे. दूर असलेली बायको नवऱ्याला आपल्या कामाचा वृत्तांत देते, याला म्हणतात सहजीवन! ‘जेवलीस का, कुणाशी बोलत होतीस’ असे रोज फोनवर विचारणे ही पाळत झाली. तिला नाते म्हणत नाहीत.

आता त्या ताईला चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली, हा मुलगा तुझ्या आयुष्यात नसता तर तू कुठे शिकली असतीस, हे स्वतःला विचार. जे उत्तर येईल, ते तुझ्या शिक्षणाचे उत्तर आहे. पुण्यातला अभ्यासक्रम खरोखर तुझ्या विषयाला अधिक चांगला असेल, तर पुण्यात खुशाल राहा. परंतु कारण अभ्यासक्रमाचे असू दे, कुणाच्या रुसव्याचे नको. दुसरी, संधी किती थोड्या आहेत ते पाहा. केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीच्या देशभरात मिळून १२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या ७५. वयाची अट आहे, कागदपत्रांच्या तारखा आहेत. आज सोडलेली जागा उद्या मिळेलच असे नाही. तिसरी, इंग्लंडमधले एम. ए. बहुधा एका वर्षाचे असते. लग्न वर्षभर पुढे गेल्याने जे नाते तुटते, ते लग्नानंतर तरी किती टिकले असते? चौथी, जाण्याआधी दोघांनी बसून स्पष्ट बोला. परत कधी येणार, फोन कधी करायचा, घरच्यांना कोण सांगणार, हे ठरवा. खोटी आशा कुणीच कुणाला लावू नये.

आणि हा हिशेब मुलांनाही लागू आहे. परदेशी शिकायला जाऊन, मागे ताटकळणाऱ्या मुलीला दोन ओळींच्या निरोपावर वाऱ्यावर सोडणारे आपल्यातही आहेत. थांबायला लावणाऱ्याने शब्द पाळला पाहिजे.

त्या तरुणाच्या मनात भीती असेल. ती मोठी होईल, मी इथेच राहीन, ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल करू नये. पण त्यावर उपाय तिला खाली ओढणे नव्हे. तिच्या पाठोपाठ आपणही पुस्तक हाती घेणे हा उपाय आहे. ‘शिका’ हा आदेश बाबासाहेबांनी फक्त नवऱ्यांना दिला नव्हता.

ताई, तू जा. आणि भाऊ, तिला विमानतळावर सोडायला तू स्वतः जा. येत्या रमाई जयंतीला भाषण नाही केलेस तरी चालेल.

जयभीम!