कचारगढची वाट

साहसाचा प्रवास म्हटला कीं शहरांतल्या सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें दक्षिण ध्रुवाचें बर्फ, सहारांतील वाळू किंवा ॲमेझॉनचें अरण्य उभें राहतें. ठिकाण जितकें दुर्गम, तितकी प्रवाशाची कीर्ति मोठी, असा जणूं दंडकच पडला आहे. परंतु ‘दूर’ हा शब्द फसवा आहे. कोणापासून दूर, हें विचारल्यावांचून त्यास अर्थच येत नाहीं. गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा तालुक्यांत कचारगढ नांवाची जी गुहा आहे, तिच्याकडे पाहिलें म्हणजे हा फसवेपणा चांगला ध्यानांत येतो.

मुंबईहून हावड्यास जाणारा लोहमार्ग गोंदिया सोडल्यावर सालेकशावरून दरेकसा या लहानशा स्टेशनाशीं येतो. भातखाचरांचा सपाट मुलूख येथें संपतो, डोंगर जवळ येतात आणि गाडी बोगद्यांत शिरते. थोडें पुढें गेलें कीं छत्तीसगड. या मार्गानें आजवर किती प्रवासी गेले असतील याची गणतीच नाहीं. त्यांतील बहुतेकांनीं दरेकसा झोपेंतच ओलांडलें असेल. पावसाळ्यांत हाजरा धबधबा पाहण्यास कांहीं मंडळी येथवर येतात, तेवढाच काय तो बाहेरच्या जगाचा संबंध. गुहेची वाट धनेगांवाहून निघते. गोंदियापासून हें अंतर सुमारें 55 किलोमीटर. शेवटची चढण मात्र रानांतून पायींच चढावी लागते. गुहेंत पाऊल टाकतांच तिच्या विस्तारानें मनुष्य थक्क होतो. शेंकडों माणसें एका वेळीं आंत सहज उभीं राहूं शकतील.

गोंड लोकांच्या दृष्टीनें हें स्थान म्हणजे त्यांच्या समाजाचा उगमच होय. आज तेथें सांगितली जाणारी कथा अशी : कली कंकालीचीं तेहेतीस मुलें फार खोडकर निघालीं. शंभूनें रागावून त्यांस या गुहेंत कोंडलें आणि तोंडाशीं प्रचंड शिळा लावली. मातेचा शोक पाहून जंगो रायताड हिनें पारी कुपार लिंगोकडे धांव घेतली. हिरासुका पाटालीर हा वादक गुहेच्या तोंडाशीं बसून वाजवूं लागला. ते सूर कानीं पडतांच उपाशी मुलांच्या अंगीं बळ आलें व त्यांनीं आंतून शिळा ढकलली. शिळा सरली, परंतु हिरासुका तिच्याखालीं सांपडून मरण पावला. सुटलेल्या मुलांस लिंगोनें विद्या दिली आणि गोत्रांची व्यवस्था लावून दिली. ज्याच्या संगीतानें समाज उजेडांत आला तोच दगडाखालीं गेला, हा या कथेंतील भाग ऐकणाऱ्याच्या मनांतून सहजासहजीं जात नाहीं.

ही कथा कागदावर येण्यापूर्वीं परधान भाटांच्या कंठांत होती. 1845 सालीं नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं लिंगोचें गीत भाटाकडून उतरवून घेतलें. तें छापलेलें पाहणें मात्र त्यांच्या नशिबीं नव्हतें. टाकळघाट येथील शिळावर्तुळें पाहून परततांना पूर आलेल्या ओढ्यांत बुडून 1863 मध्यें त्यांचा अंत झाला. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं 1866 मध्यें प्रसिद्ध केले. त्या गीतांत गोंडांस कोंडणारा महादेव आहे, तपशीलहि निराळे आहेत. तथापि ‘काचिकोपा लोहागड’ हें नांव त्यांत आहे, आणि आजचे गोंड तें कचारगढाशीं जोडतात. बंदिवानांच्या सुटकेसाठीं महादेव लिंगोकडून बिंदो नांवाच्या काळ्या पक्ष्याचीं पिल्लें मागतो. लिंगो समुद्रकांठीं जातो, पिल्लें खाणाऱ्या नागास मारतो, आणि कृतज्ञ पक्षी त्याला पंखांवर घेऊन परत आणतात. साहसाच्या प्रवासाच्या कथा परदेशी पुस्तकांतच शोधणाऱ्यांनीं हा प्रवास अवश्य वाचावा.

येथून अडीचशें किलोमीटरांहून अधिक दूर, आदिलाबादच्या राजगोंडांतहि गुहेंतून झालेल्या सुटकेची कथा आहे. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांनीं 1948 सालच्या आपल्या ग्रंथांत ती नोंदली. गोंडांचीं घरें जेथें जेथें पसरलीं तेथें ही आठवणहि गेली, असें दिसतें.

उगमाची गुहा शोधूं पाहणारा परका कसा चुकतो, याचें एक उदाहरण पेरू देशांत आहे. इंका राजकुलाचा मूळ पुरुष मान्को कापाक भावंडांसह डोंगरांतल्या तीन खिडक्यांसारख्या गुहांपैकीं मधलीतून बाहेर पडला, अशी तेथील कथा. अमेरिकन प्रवासी हायरम बिंगहॅम 1911 मध्यें माचू पिच्चू येथें पोंचले. तेथील मंदिराच्या तीन खिडक्या पाहून हेंच तें मूळस्थान असा तर्क त्यांनीं केला. विद्वानांनीं तो मानला नाहीं. कुझ्को शहराच्या दक्षिणेस पाकारितांबो हें गांव होतेंच. तेथील लोक आपल्या गांवासच तें मूळस्थान मानीत आले होते.

कचारगढीं अशा शोधकाची गरज पडली नाहीं. 1984 च्या सुमारास मोतीरावण कंगाली (1949–2015) आणि त्यांचे मोजके सोबती येथें आले व माघ पौर्णिमेची यात्रा सुरू झाली. कंगाली यांनीं पुढें गोंडी भाषा व धर्म यांवर पुष्कळ लेखन केलें. मधल्या काळांत नक्षलवादी चळवळीमुळें शहरांत या रानाचें नांव भीतीनेंच घेतलें जाई. यात्रा मात्र वाढतच गेली. आतां महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्यप्रदेश, तेलंगण, ओडिशा येथून लाखों माणसें येतात. पिवळे फेटे बांधलेले पुरुष, पिवळ्या लुगड्यांतल्या बाया, खांद्यावर मुलें, आणि वाटेवर ‘जय सेवा’चा गजर.

नागपुराहून मौजेखातर आलेल्या तरुणास ही चढण साहसाची वाटते, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. पण गुहेंत ओरडून प्रतिध्वनि ऐकणें, दगडावर नांव कोरणें, खाण्याचे कागद तेथेंच टाकणें, हे प्रकार कोणाच्या आजोळीं जाऊन कोणी करीत नाहीं. त्याच्यामागून चढणारी बस्तरची म्हातारी दोन दिवसांचा प्रवास करून आलेली असते. गुहेच्या तोंडाशीं ती पायांतल्या वहाणा काढते, आंत जाऊन दगडास हात लावते, आणि मग सावकाश खालीं बसते.